बिलात न छापलेला आकार

एप्रिल लागला की आमच्या आळीत गच्च्यांची वाटणी सुरू होते. आज कुणाच्या कुरडया, उद्या कुणाचे साबुदाण्याचे पापड, परवा कुणाच्या शेवया. पहाटे पाचला चीक शिजवायला घ्यायचा, उन्हं चढायच्या आत गच्चीवर धुतलेल्या साड्या अंथरायच्या, आणि चिकाच्या पातेल्याभोवती वाट्या घेऊन उभ्या राहिलेल्या पोरांना हाकलत सोऱ्या फिरवायचा. या धांदलीत दरवर्षी न चुकता एक फोन येतो, माझ्या मामेबहिणीचा. "अगं, माझ्या दोन किलो कुरडया तुझ्यातच घाल. पैसे देते, पण घाल बाई."

वयाने मोठी म्हणून आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. लग्न होऊन ती विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्राच्या गावात गेली, त्याला आता बावीस वर्षं झाली. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मला वाटायचं, ताईला कंटाळा आहे. एवढी मोठी गच्ची आहे, ऊन तर आमच्यापेक्षा दुप्पट, मग स्वतः का नाही घालत?

गेल्या उन्हाळ्यात चार दिवस तिच्याकडे राहिले आणि कंटाळ्याचा आरोप मनातल्या मनात मागे घेतला. सकाळी तिने पुसलेल्या खिडकीच्या कठड्यावरून मी दुपारी बोट फिरवलं, तर बोट करडं झालं. तुळशीच्या पानांवर करडी साय धरल्यासारखी दिसत होती. पांढरे कपडे ती घरातच वाळत घालते. "सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं," ताई म्हणाली, "इथे वाळवण घालायचं नाही. वर पातळ साडी टाकली तरी कुरडई तळली की कणी दाताखाली येते." धाकट्या मुलाचा पंप, म्हणजे दम्याचा, फ्रिजवर हाताशी ठेवलेला असतो.

जेवताना मी काहीतरी बोलले असेन. दाजी हसून म्हणाले, "राखेला नावं ठेवू नका हो. हीच राख आमच्या ताटात भाकरी वाढते." दाजी त्याच केंद्रात एका कंत्राटदाराकडे काम करतात. त्यावर मला काही उत्तर सुचलं नाही. ताईही गप्प बसली.

घरी आले तर विजेचं बिल येऊन पडलं होतं. नेहमी आपण बिलाची शेवटची ओळ बघतो, किती भरायचे, कधीपर्यंत भरायचे. त्या दिवशी पहिल्यांदा सगळं वाचलं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. एवढे सगळे आकार. पण ताईच्या खिडकीवरच्या राखेचा आकार कुठेच छापलेला नव्हता. तो मी भरतच नाही. माझ्या वाटचा तो ताई भरते.

शंभर युनिटांचा हिशेब

आपल्याला घरचा हिशेब चांगला येतो. किलोभर डाळीत किती वरण होतं आणि लिटरभर दुधात किती पनीर निघतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग हाही हिशेब एकदा करून बघू या.

औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण फार, ३० ते ४० टक्क्यांपर्यंत. म्हणजे एका युनिटामागे दोनशे-अडीचशे ग्रॅम राख. आणि पाणी? केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांना जी मर्यादा घालून दिली ती युनिटामागे साडेतीन लिटरची.

आता एखाद्या साध्या घराचा महिन्याचा वापर शंभर युनिटं धरा. ही सगळी वीज कोळशाची असेल तर आपल्या मिक्सर, पंखा, टीव्ही, फ्रिजपायी महिन्याला कुठेतरी ६५ ते ७० किलो कोळसा जळाला, वीस-पंचवीस किलो राख झाली, आणि साडेतीनशे लिटरपर्यंत पाणी गेलं. आपल्या भाषेत बावीस-तेवीस हंडे. ज्या गावात पाचव्या दिवशी नळ येतो, तिथल्या बाईला बावीस हंड्यांची किंमत वेगळी सांगायला नको.

देशात वापरल्या जाणाऱ्या दर दहा युनिटांपैकी सात-एक युनिटं आजही कोळशापासूनच येतात. त्यामुळे हा हिशेब थोड्याफार फरकाने तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच घरचा आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर लगेच कुणी म्हणेल, "मग काय, कंदील लावायचे का?" मुळीच नाही. विजेने बाईच्या आयुष्यात काय केलं हे बाईइतकं कुणालाच ठाऊक नाही. पाटा-वरवंट्यावर वाटण वाटणारी, आडावरून पाणी शेंदणारी, चुलीपुढे डोळे चोळणारी आजी मी पाहिली आहे. वीज हवीच, आणखी हवी. पण आपल्या स्वयंपाकघरातला धूर आपण बाहेर काढला आणि तो थेट दुसऱ्या एखादीच्या अंगणात नेऊन सोडला, असं होत असेल तर निदान आपल्याला ते माहीत तरी हवं.

देवाच्या गावी राख

आपल्याकडे कसा योग आहे बघा. कोराडीला महालक्ष्मी जगदंबा, चंद्रपूरला महाकाली, परळीला वैजनाथ. नवरात्रात, चैत्रात, श्रावणात आपण जिथे ओटी भरायला आणि बेल वाहायला जातो, त्याच गावांच्या आकाशात धुरांडी उभी आहेत. दर्शन घेऊन आपण परत येतो, पण तिथल्या बायका तिथेच राहतात.

चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॅटचं, महानिर्मितीचं सर्वांत मोठं. साडेतीन लिटरची मर्यादा पाळली असं धरलं तरी, पूर्ण क्षमतेने चाललं तर त्याला तासाला सुमारे एक कोटी लिटर पाणी लागेल. मे २०१० मध्ये इरई धरण आटलं तेव्हा तिथले संच एकामागून एक बंद करावे लागले होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांची क्रमवारी लावली, त्यात चंद्रपूर देशात चौथं आलं. त्याला एकटं वीज केंद्र जबाबदार नव्हतं. कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखानेही आहेत. पण खाणी तरी कशासाठी? बराचसा कोळसा शेवटी वीज केंद्रांतच जातो.

परळीची गोष्ट तर आणखी वेगळी. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे पाणीच उरलं नाही आणि परळीचं केंद्र बंद पडलं. २०१५ मध्ये पुन्हा तेच. त्याच दुष्काळात शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. मराठवाड्यात माणसांना आणि जनावरांना प्यायला पाणी नाही, तिथे पाण्यावर चालणारं वीज केंद्र. बाईने संसार असा मांडला असता तर सासूने चार शब्द ऐकवले असते.

आणि कोराडी. जुलै २०२२ मध्ये मोठा पाऊस झाला आणि कोराडी केंद्राची राख साठवणारा खसाळा इथल्या तलावाचा बांध फुटला. राखेचा चिखल शेतांत, नाल्यांत, वस्त्यांच्या आसपास पसरला. राखेचं हेच मोठं दुखणं आहे. ती पाण्यात कालवून तलावात सोडतात. उन्हाळ्यात तलाव कोरडा पडला की ती वाऱ्यावर उडते, पावसाळ्यात बांध फुटला की पाण्यात येते. सिमेंट आणि विटांसाठी तिचा वापर पूर्वीपेक्षा बराच वाढला आहे, हे खरं. पण तरीही ताईची खिडकी दिवसातून दोनदा पुसावी लागतेच.

डोळ्यांना दिसणारी राख पुसता तरी येते. न दिसणाऱ्याचं काय करायचं? धुरातला सल्फर डायॉक्साइड हवेत मिसळला की त्याचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते फुप्फुसात खोल जातात. अशा कणांमुळे दमा बळावतो, हृदयाचे विकार वाढतात, गर्भारपणी बाळाचं वजन कमी भरू शकतं, हे जगभरच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. २०१५ च्या त्याच नियमांत हा वायू अडवण्याचीही मर्यादा होती. केंद्रांना त्यासाठी धुरांड्याला यंत्रणा बसवायला सांगितलं, मुदत दिली २०१७ ची. मग ती वाढली. मग आणखी वाढली. आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने देशातल्या चारपैकी तीनहून जास्त संचांना ही यंत्रणा बसवण्यापासून सूटच देऊन टाकली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं आणि यंत्रणेचा खर्च फार, असं कारण दिलं गेलं. खर्च फार आहे हे मान्य. पण खर्च वाचला म्हणजे तो संपला का? तो ताईच्या घरी दम्याच्या पंपावर होतोच की.

न जेवलेल्या डब्याचे पैसे

एवढं सगळं माहीत असूनही कोळशाची केंद्रं वाढवायची आहेत. २०३१-३२ सालापर्यंत देशात किमान ८० हजार मेगावॅटची आणखी भर घालायची, असं केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितलं. म्हणजे चंद्रपूरएवढी सत्तावीस केंद्रं. आपल्याकडे कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच असताना तेवढेच आणखी दोन उभारायचं ठरलं. त्याची जनसुनावणी मे २०२३ मध्ये झाली आणि नागपूरकरांनी तिथे विरोधही नोंदवला.

विजेची मागणी वाढते आहे, हे सरकारचं म्हणणं खोटं नाही. पण भागवायची कशाने, हा प्रश्न आहे. आणि इथे गेल्या दहा-पंधरा वर्षांत चित्र पार बदललं आहे. पूर्वी सौर वीज म्हणजे श्रीमंतांची हौस होती. महावितरणच्या २०२४ मधल्या एका मोठ्या निविदेत सौर विजेचा दर युनिटला २ रुपये ७० पैसे आला. उत्तर प्रदेशने २०२५ मध्ये नव्या कोळसा केंद्राच्या विजेसाठी मान्य केलेला दर आहे ५ रुपये ३८ पैसे. जवळजवळ दुप्पट. आणि यात राखेचा, पाण्याचा, दवाखान्याचा खर्च धरलेलाच नाही.

बरं, कोळशाचा दर तरी ठरलेला असतो का? बिलातला 'इंधन समायोजन आकार' आठवा. २०२२ मध्ये बाहेरच्या देशातून येणारा कोळसा महागला तेव्हा तो कसा वाढला होता, हे बिल भरणाऱ्या प्रत्येकीला आठवत असेल. उन्हाला समायोजन आकार नाही. युद्ध कुठेही होवो, सूर्याचा भाव वाढत नाही.

शिवाय नवं कोळसा केंद्र म्हणजे पुढच्या पंचवीस वर्षांचा करार. डबा लावल्यासारखंच असतं ते. तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा, महिन्याचे पैसे द्यावेच लागतात. वीज कंपनीलाही तसंच, वीज घेतली नाही तरी केंद्राचा ठरलेला स्थिर खर्च द्यावा लागतो, आणि तो शेवटी आपल्याच बिलातून वसूल होतो. स्वस्त वीज दाराशी येत असताना पंचवीस वर्षांचा महागडा डबा लावून ठेवणारी गृहिणी तुम्ही कुठे पाहिली आहे का?

पण रात्रीचं काय?

हा प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून चालणार नाही. संध्याकाळी सहा ते दहा, हीच तर आपल्या घाईची वेळ. दिवे लागतात, मिक्सर फिरतो, मुलं अभ्यासाला बसतात, टीव्ही सुरू होतो. आणि नेमका तेव्हा सूर्य मावळलेला असतो.

पण दिवसाची वीज साठवता येते. त्यासाठी परदेशात बघायला नको. अकोले तालुक्यातलं घाटघर बघा. २५० मेगावॅटचा तिथला प्रकल्प २००८ पासून चालू आहे. वीज जास्त असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवायचं आणि गरज पडली की तेच खाली सोडून वीज करायची. आपण नळ आला की वरची टाकी भरून ठेवतो, तोच प्रकार. बॅटऱ्याही झपाट्याने स्वस्त झाल्या आहेत. सौर वीज आणि सोबत संध्याकाळच्या काही तासांपुरती बॅटरी, अशा एकत्रित निविदेत २०२४ मध्ये साडेतीन रुपयांच्या आतले दर आले. वारा तर रात्रीही वाहतो. सातारा-सांगलीच्या पठारांवरच्या पवनचक्क्या आपण बघतोच.

आणि सगळीच वीज रात्री लागते असंही नाही. आपल्या राज्यात विजेचा मोठा वाटा शेतीपंपांना जातो. वर्षानुवर्षं शेतकऱ्याला वीज मिळत आली ती रात्री-अपरात्री. रात्री दोनला मोटार चालू करायला नवरा किंवा पोरगा शेतात गेला की घरातली बाई झोपते का? साप, विंचू, जुन्नर-संगमनेरकडे बिबट्या. तो परत येऊन कडी वाजवेपर्यंत तिचा डोळा लागत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. गावाजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची, असं तिचं रूप. सौर ऊर्जेच्या बाजूने मला कुणी एकच कारण विचारलं, तर मी पृथ्वीच्या तापमानाआधी हे कारण सांगेन. त्या बाईला रात्री झोप मिळेल.

सौर ऊर्जेत सगळं गोडच आहे असं नाही. मोठ्या प्रकल्पांना जमीन लागते, आणि ती गायरानाची असली तर शेळ्या राखणाऱ्या बाईचं चराऊ रान जातं. तिला विचारल्याशिवाय ते होता कामा नये. जुन्या पॅनेलच्या कचऱ्याचं काय, हेही आत्ताच ठरवायला हवं. राजस्थानात २०२५ मध्ये तयार असलेली सौर वीज वाहिन्या अपुऱ्या पडल्या म्हणून वाया घालवावी लागली. ही सगळी सुधारण्यासारखी दुखणी आहेत. नव्या कोळसा केंद्रावर घालायचा पैसा इथे घातला, वाहिन्यांवर, साठवणीवर, तर ती सुधारतीलही. राखेच्या दुखण्यावर मात्र इतक्या वर्षांत औषध सापडलेलं नाही.

दाजींचा प्रश्न

आता दाजींच्या भाकरीचं. या विषयावर बोलणारी पुष्कळ शहाणी माणसं हा प्रश्न ओलांडून पुढे जातात. मला तो ओलांडता येत नाही, कारण त्या ताटात मी जेवले आहे.

चालू केंद्रं उद्या सकाळी बंद करा असं कुणीच म्हणत नाही, मीही नाही. ती अजून बरीच वर्षं चालणार आहेत. मागणी एवढीच आहे की नवी वाढवू नका, आणि जुनी आहेत तोवर त्यांना नियम पाळायला लावा. पण एक दिवस जुने संच बंद होतातच. चंद्रपूरचे पहिले दोन संच, २१० मेगावॅटचे, केव्हाच बंद झाले. तेव्हा कायम नोकरीतल्या माणसाची बदली होते. कंत्राटी माणसाला मात्र दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणतात. म्हणून दाजींसारख्यांची सोय आधी करायला हवी. या गावांत जमीन आहे, विजेच्या मोठ्या वाहिन्या आहेत, विजेचं काम कळणारे हात आहेत. सौर प्रकल्प, बॅटरी, पॅनेलचे कारखाने पहिल्यांदा इथेच आले पाहिजेत. ज्यांनी इतकी वर्षं आपली राख सोसली त्यांचा पहिला हक्क आहे.

आणि हे काम बायकांनाही जमतं. वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातल्या कवठा झोपडी या गावी बचत गटांतल्या बायकांनी आयआयटी मुंबईच्या मदतीने सोलर पॅनेल तयार करण्याचा उद्योग उभा केला आहे. शेतमजुरी करणाऱ्या हातांनी सोल्डरिंग शिकून घेतलं. पापड-लोणच्याच्या पलीकडे बचत गटाने काय करावं, असा प्रश्न आपण नेहमी विचारतो ना? हे घ्या उत्तर.

आपल्या हातात काय?

"आपण बोलून काय होणार? वरचे लोक ठरवतात," असं माझी शेजारीण म्हणते. तिला मी डहाणूची गोष्ट सांगितली. चिकूच्या बागांच्या त्या तालुक्यात ५०० मेगावॅटचं कोळसा केंद्र आलं. केंद्र थांबलं नाही, १९९५ मध्ये सुरू झालं. पण नर्गिस इराणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा सोडला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९९६ मध्ये डहाणूसाठी खास प्राधिकरण नेमलं गेलं, निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. प्राधिकरणाने गंधकाचा वायू अडवणारी यंत्रणा बसवायला सांगितलं आणि २००७ मध्ये ती बसली. देशभरातल्या केंद्रांना जी यंत्रणा 'परवडत नाही' म्हणून सूट मिळते, तीच डहाणूत कितीतरी वर्षांपूर्वी उभी राहिली, कारण चार माणसं, त्यात घरसंसार सांभाळणाऱ्या बायका, मागे लागल्या.

तेव्हा पहिलं, जनसुनावणीची जाहिरात वाचायला शिका. असा प्रकल्प यायचा असेल तर निदान तीस दिवस आधी स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश मागायचा आपल्याला हक्क आहे. तिथे बोलायला पदवी लागत नाही. लेखी हरकतही देता येते. आजवर अशा सुनावण्यांना मंडपात पुढच्या खुर्च्यांवर पुरुष आणि मागे कडेला पाच-दहा बायका, असंच चित्र मी पाहिलं आहे. पाणी भरणारी, राख पुसणारी, पोराचा पंप शोधणारी बाई बोलली नाही, तर ते नोंदीत येणार कसं? बोला, आणि आपलं म्हणणं लिहून घेतलंय ना, हे वाचून घ्या. वीज नियामक आयोगही दर ठरवण्याआधी हरकती मागवतो, तिथेही लिहिता येतं.

दुसरं, स्वतःच्या छपराचा विचार करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटपासून दिवसाला साधारण चार युनिटं मिळतात, म्हणजे साध्या घराला महिन्याची शंभर-सव्वाशे पुरतात. सुरुवातीचा खर्च मोठा वाटतो, पण कर्जाची सोय आहे. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी, सुमारे शंभर घरांची. ऑगस्ट २०२४ मध्ये ती राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. घरं, शाळा, रस्त्यावरचे दिवे, सगळं उन्हावर. छोट्या गावाला जमलं ते आपल्या आळीला का जमू नये?

भाड्याच्या घरात राहणारीला किंवा फ्लॅटमधल्या बाईला हे लगेच जमणार नाही, हे मला कळतं. पण सोसायटीच्या बैठकीत, नगरपालिकेच्या शाळेसाठी, ग्रामसभेत पाणीपुरवठ्याच्या पंपासाठी विषय तर काढता येईल. ग्रामपंचायतीचं पाण्याच्या पंपाचं थकलेलं बिल हा किती गावांचा रडगाण्याचा विषय आहे!

आणि तिसरं, एक छोटीशी गोष्ट. तुमच्या घरची वीजजोडणी कुणाच्या नावावर आहे? बिल काढून बघा. योजनेचा अर्ज जोडणी ज्याच्या नावावर त्याच्या नावाने होतो. काही घरांत ती वारलेल्या सासऱ्यांच्याच नावावर असते. बिल दरमहा आपण भरायचं, बटणं आपण विझवत फिरायचं, आणि नाव मात्र नाही. ते नाव बदलून घ्यायला कुणाची परवानगी लागते, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरेल. पण विषय तरी काढा.

यंदाही ताईचा फोन आला. कुरडयांचं बोलून झालं आणि ती म्हणाली, "अगं, इथे आणखी काहीतरी वाढवायचं चाललंय म्हणतात. सुनावणी लागली तर जाऊ का मी? दाजींना आवडणार नाही." मी म्हटलं, "दाजींना सांग, मी राखेच्या विरोधात जातेय, भाकरीच्या नाही. आणि त्यांनाही घेऊन जा. कंत्राटी कामगारांचं काय, हे त्यांनीच विचारू दे." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बघते."

तिच्या कुरडया डब्यात भरून तयार आहेत. येत्या आठवड्यात कुणीतरी त्या बाजूला जाणारं आहे, त्यांच्या हाती पाठवीन. पण तिने तिच्याच गच्चीवर साडी अंथरावी आणि मला फोन करून सांगावं की या वर्षी तुझ्या कुरडया माझ्यात घालते, असं मला फार वाटतं.

मैत्रिणींनो, तुमच्या गावाजवळ असं केंद्र आहे का? तुमचं वाळवण कुठे वाळतं? जरूर लिहून कळवा.